धोबिणींचा रोलर

मित्रांनो, मी रोलर आहे. लोखंडाचा, गोल पोटाचा, लांब दांड्याचा. जुना किती, ते माझ्या गंजाकडे बघून तुम्हीच ठरवा. क्रिकेटच्या मैदानाच्या कोपऱ्यात माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यावर बसून शेंगदाणेही खाल्ले असतील. मी मात्र क्रिकेट कधी पाहिले नाही. माझे सारे आयुष्य पोर्तुगालच्या उत्तरेला, आर्कोझिन्यु नावाच्या गिरणीच्या गावात, फुटबॉलच्या मातीच्या मैदानावर गेले. आणि तेही बायकांच्या फुटबॉलमध्ये.

माझी गोष्ट सुडाची आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी कुणी नाक मुरडायला नको. रोलरने क्षमाशील असावे असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी कुणाच्या पायाखाली राहिलेला नाहीत.

माझा जन्म गिरणीच्या कारखान्यात झाला. एका निकामी बॉयलरचा तुकडा कापून, दोन्ही बाजूंना पत्रे जोडून मला घडवले. त्यामुळे मी आतून पोकळ आहे. माझ्या कुशीला एक बूच आहे. ते काढून आत पाणी भरता येते. मी रिकामा असलो की दोन पोरी मला गप्पा मारत ओढतात. काठोकाठ भरलो की धट्टाकट्टा गडीसुद्धा आधी दांड्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे. हे बूच लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे कामाला येणार आहे.

मातीचे मैदान सांभाळणे हे कणीक मळण्यासारखे काम आहे. आधी पाणी मारायचे, माती अर्धी सुकू द्यायची आणि मग रोलर फिरवायचा. घाई केली तर माती मलाच चिकटते. उशीर केला तर नुसती धूळ. जिथे मी फिरतो तिथे चेंडू सरळ पळतो. जिथे मी फिरत नाही तिथे तो उड्या मारतो, ठेचकाळतो आणि मध्येच बसकण मारतो.

मला पहिल्यांदा ओढले ते गिरणीतल्या पोरींनी. देशात क्रांती होऊन फार दिवस झाले नव्हते आणि लोक रोज काहीतरी नवे करून बघत होते. मागावर काम करणाऱ्या या पोरींनी फुटबॉल करून बघितला. त्यांच्यात झुल्मिरा नावाची एक किडकिडीत मुलगी होती. डाव्या पायाची, कमी बोलणारी. तिनेच रीत घातली की सरावाच्या सामन्यात जो हरेल त्याने रोलर ओढायचा. पोरी हरायच्या, मला ओढायच्या, एकमेकींच्या चुका काढून हसायच्या. तेव्हा माझे पोट रिकामे असे. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. संघ मोजके आणि अंतरे लांबलचक. गावात एर्मेलिंदाची बेकरी आणि कॉफीचे दुकान होते. तिच्या पावाच्या गाडीत बसून आमच्या पोरी पार लिस्बनपर्यंत जायच्या. अंगाला पावाचा वास लागलेल्या अशाच खेळायच्या आणि सोमवारी वेळेवर मागापाशी उभ्या असायच्या. एर्मेलिंदा गोलकीपर होती. तिच्या हातून चेंडू क्वचितच निसटत असे. गावातली बातमीही निसटत नसे.

मग आमच्या क्लबच्या अध्यक्षपदी सेन्योर बेलार्मिनु निवडून आले. पडद्याच्या कापडाचे व्यापारी. सूट कायम अंगात आणि मत कायम तोंडात. सभासदांनी हात वर करून त्यांना निवडले. त्यांतले बरेच हात त्यांच्याच दुकानात कामाला होते, पण ते असो.

या गृहस्थांच्या नावावर मी मनात तीन गोष्टी मांडून ठेवल्या आहेत. क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट. रविवारी पुरुषांचा सामना असला की सकाळी मैदान पोरींनी दाबायचे, असा त्यांनी हुकूम काढला. पोरी शनिवारी जिंकून आलेल्या असोत नाहीतर हरून, रविवारी रोलर त्यांच्याच हाती. आणि तोही भरलेला. मैदान चांगले बसते म्हणून आदल्या संध्याकाळीच ते माझे पोट गच्च भरायला लावत. मग स्वतः पायरीवर बसून खारवलेले पिवळे दाणे खात, सालपटे मैदानावर थुंकत आणि म्हणत, "ओढा, बायांनो. फुटबॉलमध्ये तुमचा पाय नसला तरी निदान हात आहे."

आसपासचे पुरुष हसत. झुल्मिरा हसत नसे आणि बोलतही नसे. दांड्यावरची तिची पकड मात्र मला कळत असे. तिच्या हातांना फोड येत आणि फुटत. लोखंडाला फोड येत नाहीत, म्हणून मी ते लक्षात ठेवायचे काम पत्करले.

दुसरी गोष्ट. पुरुषांच्या जर्सीही याच पोरी सार्वजनिक टाकीवर धूत. एकदा एका जर्सीवर डाग राहिला, तर बेलार्मिनु सगळ्यांदेखत त्यांना 'लावादैराश' म्हणाले. म्हणजे धोबिणी. लवकरच त्यांनी वार्षिक सभेत बायकांचा विभाग बंद करण्याचा ठराव मांडला. बायकांमुळे क्लबची शोभा जाते, हे कारण. हात वर झाले आणि विभाग खाली गेला. सभा संपायच्या आत झुल्मिरा उठून म्हणाली की आम्ही आमचा क्लब काढू आणि त्याचे नाव धोबिणीच ठेवू. बेलार्मिनुंना ते इतके विनोदी वाटले की त्यांनी जुने मातीचे मैदानही तोंडी देऊन टाकले. त्यांचे स्वतःचे नवे, कृत्रिम गवताचे मैदान शेजारीच तयार होत होते.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. पोरी न्यायला येईपर्यंत मला नव्या मैदानाच्या फाटकात उभे करून ठेवले. गाड्या आत येऊ नयेत म्हणून. माझ्या अंगावर पिवळ्या रंगाने 'वाहने उभी करू नयेत' असे लिहिले. गावातली कुत्री माझ्यापाशी कशासाठी थांबत, ते तुम्ही जाणताच. एके दिवशी झुल्मिरा मला न्यायला आली, तेव्हा बेलार्मिनु म्हणाले, "ने बाई ते भंगार. तुमच्या क्लबात शोभेल."

भंगार. मित्रांनो, हा शब्द मी आतल्या पोकळीत ठेवून दिला. तिथे शब्द घुमतो.

त्यानंतरची वर्षे कष्टाची होती पण अपमानाची नव्हती. धोबिणी कधी वर चढल्या, कधी खाली घसरल्या. जुन्या पोरी आया झाल्या, त्यांच्या पोरी खेळू लागल्या. झुल्मिराचे केस पिकले आणि ती प्रशिक्षक झाली. व्हानिया नावाची शिवणकाम करणारी चुणचुणीत मुलगी कप्तान झाली. माझ्या अंगावरचा पिवळा रंग झुल्मिराने स्वतः घासून काढला आणि माझ्या कण्याला दर मोसमात ग्रीस दिले.

आणि मग बायकांच्या फुटबॉलला बरे दिवस आले. टीव्हीवर सामने दिसू लागले. मोठमोठ्या क्लबांनी बायकांचे संघ काढले. तेव्हा ज्यांची शोभा जात होती, त्या बेलार्मिनुंनाही शोभा हवी झाली. त्यांनी घाईने बायकांचा संघ उभारला. गावातली एकही मुलगी घेतली नाही. सगळ्या शहरांतून आणल्या. त्यांच्यात सोराया नावाची एक होती, उजव्या काठाने वाऱ्यासारखी पळणारी. तिला थांबवायचे म्हणजे आगगाडीला हात दाखवण्यासारखे होते.

देशाच्या कपची सोडत निघाली. लहान संघाचे आणि मोठ्या संघाचे नाव एकाच भांड्यात असते, हीच या कपची गंमत. आमचे नाव आधी निघाले, म्हणजे सामना आमच्या मैदानावर. आणि पाठोपाठ निघाले बेलार्मिनुंच्या क्लबचे नाव.

त्याच दिवशी एर्मेलिंदाच्या दुकानात जे घडले ते मला नंतर इतक्यांदा ऐकायला मिळाले आहे, की मी तिथेच उभा होतो असे मला वाटते. बेलार्मिनु कॉफी प्यायला आले. झुल्मिरा कोपऱ्यात बसून सूप पीत होती. दुकान भरलेले होते. बेलार्मिनुंनी साखर ढवळत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले की गावाची जत्रा जवळ आली आहे, गाड्या लावायला जागा नाही, आणि त्या मातीच्या मैदानाचा आता कुणाला काय उपयोग. त्यांनी ते तोंडी दिले होते, तोंडी परत घेऊ शकत होते.

झुल्मिराने चमचा खाली ठेवला नाही. "सामना होऊ दे की," ती म्हणाली.

"सामना?" बेलार्मिनु हसले. "पाऊस पडला की तुमच्या मैदानात बदकं पोहतात, झुल्मिरा. बरं, चल. आम्ही जिंकलो तर दुसऱ्या दिवशी फाटकाची किल्ली माझ्या टेबलावर. जत्रेच्या गाड्या तिथे लागतील."

"आणि आम्ही जिंकलो तर?"

"तर मैदान तुमचं, कायमचं, कागदावर लिहून देतो. आणि वर तुमचं ते भंगार मी स्वतः ओढतो. तू दाखवशील तिकडे. याच सुटात."

दुकान हसले. एर्मेलिंदा मात्र हसली नाही. तिने काउंटर पुसायचे थांबवून एकेकाच्या तोंडाकडे बघितले आणि विचारले, "सगळ्यांनी ऐकलं ना? नंतर कुणाला बहिरेपण यायला नको."

आमच्या गावात माणूस कागदावरची सही नाकारू शकतो, पण एर्मेलिंदाच्या दुकानात बोललेला शब्द नाही. बेलार्मिनु हे जाणून होते. पण हरण्याचा विचारच त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता.

सामन्याच्या आदल्या दुपारी पोरींनी मैदानावर पाणी मारले. माती अर्धी सुकल्यावर मला बाहेर काढले. पोट रिकामे होते, म्हणून व्हानिया आणि दुसरी एक मुलगी मला झपाझप ओढत होत्या. रस्त्याकडचा काठ दाबला, मधला भाग दाबला. एका बाजूला द्राक्षांचे वेल आहेत. त्या वेलींकडच्या काठाशी आलो तेव्हा झुल्मिरा म्हणाली, "तिथे नको. बैलगाडी जाईल एवढी पट्टी सोडा. या गोलपासून त्या गोलपर्यंत."

व्हानिया थांबली. "मावशी, सोरायासाठी?"

"हं."

"पण मध्यंतराला बाजू बदलतात. उजवीकडून पळणारी पोरगी दुसऱ्या अर्ध्यात रस्त्याकडच्या काठाला जाईल. तिथे तर तुम्ही आरसा करून ठेवलाय."

"जाणार नाही," झुल्मिरा म्हणाली. "दुसऱ्या अर्ध्यातही ती इथेच असेल."

व्हानियाने का म्हणून विचारले, तर म्हातारीने नुसते नाक पुसले. मलाही कळले नाही. मी विचारात पडलो, पण रोलरचे विचारही हळूहळूच फिरतात.

दुसऱ्या दिवशी पोरी चुना टाकून रेषा आखत असताना, झुल्मिराने टाकीवरून पाइप आणला, माझे बूच काढले आणि मला भरू लागली. थोडेथोडके नाही. पाणी बुचाबाहेर सांडेपर्यंत. मग बूच गच्च ठोकून बसवले. मैदान तर आदल्या दिवशीच दाबून झाले होते. मी चकित झालो आणि मग माझ्या लक्षात आले. मित्रांनो, सामना सुरू व्हायचा होता आणि या बाईने शेवटची तयारी आधी केली होती. त्या दिवशी माझ्या अंगातले गार पाणी मला सरबतासारखे लागले.

पंचांनी मैदान पाहिले. रेषा सरळ, जाळ्या शाबूत. मातीने गालिचा व्हावे असे कुठल्या नियमात लिहिलेले नाही. बेलार्मिनुंच्या पोरी मात्र मैदानावर पाय न ठेवताच उभ्या होत्या, कारण त्यांचे फोटो काढणे चालले होते. सगळे गाव जमले होते. मांस भरलेल्या पावांचा धूर वेलींवरून सरकत होता.

नाणेफेक आम्ही जिंकली. इथे नशिबाची साथ लागणार होती, ती मिळाली. व्हानियाने अशी बाजू निवडली की सोरायाला वेलींकडच्या काठाने पळावे लागेल.

आणि ती पळाली. पहिला पास तिच्या पुढे आला, चेंडू पट्टीवर पोचला, एक उडी मारून तिच्या गुडघ्याला लागला आणि रेषेबाहेर गेला. दुसऱ्या वेळी तो तिच्या मागेच राहिला. ती पुढे, चेंडू मागे. गावातली माणसे खिदळली. आमच्या पोरींनी त्या काठाला पायही लावला नाही. पण तेवढ्याने सामना जिंकता येत नाही. मध्यंतराच्या जरा आधी त्यांच्या एका उंच मुलीने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावले आणि आम्ही एका गोलने मागे पडलो.

मी वेलींशेजारी, त्यांच्या बाकाच्या मागेच उभा होतो. म्हणून पुढचे सगळे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. रोलरला कान नसतात असे कुणी म्हणत असेल तर म्हणू दे.

त्यांचा प्रशिक्षक नेलियु नावाचा शांत तरुण होता. तो सोरायाला सांगत होता की काळजी नको, आता बाजू बदलतील, पलीकडचा काठ चांगला आहे, तिथे तुला कुणी धरू शकणार नाही. तेवढ्यात पायऱ्या उतरून बेलार्मिनु आले. गोल झाला तरी त्यांचे समाधान नव्हते. त्यांना सोरायाचा गोल हवा होता. फोटो तिचेच छापायचे होते ना.

"पोरगी उजवीकडे अडकतेय," ते म्हणाले. "दुसऱ्या अर्ध्यात तिला डावीकडे टाक."

"अध्यक्षसाहेब, आता बाजू बदलणार आहेत. डावीकडे टाकली तर ती परत याच काठाला येईल."

"मला फुटबॉल शिकवतोस? उजवीकडे जमत नाही म्हणजे डावीकडे जमेल. एवढं साधं आहे. संघ कुणाचा आहे?"

नेलियुने सोरायाला डावीकडे टाकले.

तेव्हा मला कळले, मित्रांनो. म्हातारीने मैदान सोरायासाठी लावलेच नव्हते. तिने ते बेलार्मिनुंसाठी लावले होते. इतकी वर्षे पायरीवर बसून हुकूम सोडणारा माणूस, ज्याने मैदानाच्या दोन्ही काठांवरून एकदाही रोलर ओढला नाही, त्याला उजवे-डावे खेळाडूपाशी असते, काठापाशी नसते, हे कळणार नाही. आणि तो गप्प बसणार नाही. झुल्मिराने या दोनच गोष्टींवर पैज लावली होती.

उत्तरार्ध सुरू झाला आणि सोराया पुन्हा वेलींकडे. तिने पायाखालच्या मातीकडे बघितले, मग आमच्या बाकाकडे, आणि जवळून पळताना म्हणाली, "मावशी, तुमच्या या काठाचं माझ्यावर फारच प्रेम दिसतंय." झुल्मिराने मान डोलावली. हुशार मुलीला मान द्यावा, एवढे तिला कळत होते.

मधल्या दाबलेल्या भागातून आमच्या पोरींनी आधी बरोबरी साधली. मग खेळ अडला. नखे खाण्यासारखा वेळ गेला. आणि अखेर एक लांब पास सोरायाकडे आला. गोल समोर, अडवायला कुणी नाही. तिने पाय मागे घेतला, आणि चेंडू त्या पट्टीत बसला. जसे हट्टी मूल बाजारात बसते तसा. व्हानियाने धावत येऊन तो उचललाच म्हणा, आणि मैदान आडवे कापणारा पास दिला. तो चेंडू माझ्या मातीवरून गेला, मित्रांनो. मी दाबलेल्या मातीवरून, एकदाही न उसळता, सरळ आमच्या पुढच्या मुलीच्या पायापर्यंत. जाळी हलली. मला टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून आतल्या पाण्याने एक गचका दिला.

शिट्टी वाजली तेव्हा बेलार्मिनु गाडीकडे निघाले होते. पण त्यांच्या गाडीपुढे एर्मेलिंदाची पावाची गाडी आडवी लावलेली होती. एर्मेलिंदा म्हणाली की किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाहीय, वय झाले. गाव रेषेभोवती उभे राहिले. कुणी ओरडले नाही. ते जास्त वाईट असते.

बेलार्मिनु परत आले. कोट नीट केला आणि दांड्याला हात घातला. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, तोंड बिटासारखे झाले.

"हा भरलेला आहे," ते म्हणाले.

"आमच्या वेळीही भरलेलाच असायचा, अध्यक्षसाहेब," झुल्मिरा म्हणाली. "तुम्हीच भरायला लावायचात."

 जुन्या पोरी, आता आज्या झालेल्या, पुढे सरकून बघत होत्या. त्यांच्यातली एक स्वतःचे तळवे चोळत होती.

"कुठे ओढू?" बेलार्मिनुंनी विचारले.

"वेलींकडचा काठ राहिलाय. तेवढाच."

त्यांनी ओढले. मी हालचाल केली ती माझ्या मर्जीने आणि माझ्या गतीने. त्यांचे चकचकीत बूट न दाबलेल्या मातीत रुतले, सूट पाठीला चिकटला. आणि पहिला उंचवटा माझ्याखाली आला तेव्हा दांड्यातून त्यांच्या हातांना हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा. ते थांबले. त्यांनी पट्टीकडे पाहिले, पलीकडच्या आरशासारख्या काठाकडे पाहिले, मग बाकावर गप्प बसलेल्या नेलियुकडे पाहिले. काय झाले ते त्यांच्या डोक्याआधी त्यांच्या तळहातांना कळले. मैदानाची भाषा हातांतूनच शिकावी लागते आणि त्यांनी ती फार उशिरा सुरू केली होती.

"ओढा," एर्मेलिंदा प्रेमाने म्हणाली. "फुटबॉलमध्ये तुमचा निदान हात तरी आहे."

पुढच्या फेरीत आम्ही सपाटून हरलो, तेही सांगून टाकतो. पण मैदान आमच्या नावाने कागदावर आले आणि जत्रेच्या गाड्या नदीकाठी लागल्या. बेलार्मिनु आता सामन्याला आले की वेलींकडच्या बाजूला बसत नाहीत. हातांचे फोड बरे झाले असतील. मला त्याची चौकशी करावीशी वाटली नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या मैदानाच्या कोपऱ्यात एखादा रोलर गंजत पडला असेल तर त्याला ग्रीस द्या. त्याचे बूच घट्ट ठेवा. त्याच्यावर रंगाने काही लिहू नका आणि कुत्र्यांना जरा लांब ठेवा. त्याला जे ओढतात त्यांच्याशी नीट बोला. आमच्या पोटात खूप जागा असते. आम्ही तिथे पाणीही साठवतो आणि बाकीचेही.